दोन कुलपांची पेटी

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. जुनी म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका, मित्रांनो. हल्लीची कपाटं दोन पावसाळे बघतात आणि तिसऱ्याला दार सोडतात. मी तीस वर्षं समुद्राची खारी हवा खाल्ली, डोंगर चढले, लढाई पाहिली, दोन आया माझ्यावर बसून रडल्या, तरी माझा एक कोपरा वाकलेला नाही. अंगावर गंजाचे डाग आहेत, ते मी लपवत नाही. पण माझ्यात एक खोट होती. ती फार दिवस लपून राहिली, आणि तिच्यापायी एक माणूस जिवानिशी गेला. त्याच्याबरोबर दुसऱ्या एका माणसाची हाडंही गेली. तेवढं सांगायला आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म बोगनव्हिल बेटावरच्या तांब्याच्या खाणीतला. खाणीच्या कारखान्यात अन्सेल्म नावाचा वेल्डर होता. हात असा, की दोन पत्रे जोडले तर जोड कुठला ते मुंगीलाही कळू नये. त्यानं उरलेले जाड पत्रे मागून घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत थोडी थोडी करून मला घडवली, आपल्या थोरल्या बहिणीसाठी. आमच्याकडे जमीन आईकडून लेकीला जाते. घर बाईचं, मळा बाईचा, ओढाही बाईचा. बाप म्हणजे पाहुणा आणि मामा म्हणजे कारभारी. तेव्हा भावानं बहिणीला पेटी दिली, यात नवल काही नाही.

माझं झाकण एका लांब सळईवर फिरतं. सळईच्या एका टोकाला खिळ्यासारखं डोकं आहे. दुसऱ्या टोकाला वेल्डिंगचा टाका मारायचा, म्हणजे सळई जागची हलत नाही. त्या दिवशी अन्सेल्मनं सगळं केलं आणि तेवढा टाका मारायच्या आत भोंगा झाला. ‘उद्या मारतो,’ असं स्वतःशी म्हणून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी विजेचे मनोरे पाडलेले होते. खाण बंद, कारखाना बंद. आपल्या डोंगराचं पोट फाडून तांबं नेतात आणि आपल्या नदीत गाळ सोडतात, म्हणून पोरं उठली होती. अन्सेल्मनं मला खांद्यावर घातलं आणि तोरोपाई गावी आपल्या अक्काच्या घरात आणून ठेवलं.

त्याची अक्का म्हणजे अपोलोनिया. गोतातली थोरली आई. उंच, काळीभोर, दातांना सुपारीचा लाल रंग आणि जिभेला कोयत्याची धार. तिच्या मळ्यातून कुणी वाट काढली, तर तो माणूस महिनाभर दुसऱ्या रस्त्यानं जायचा. तिनं मला खोबरेल तेलानं पुसलं, आत साखर, मीठ, बिस्किटं ठेवली आणि कुलूप घातलं. चारच दिवसांत साखर निम्मी झाली.

“कुलूप जिथल्या तिथं आहे, मग साखर गेली कुठं?” ती ओरडली. “मुंग्यांना किल्ली दिलीय का मी?”

थोरला गेर्वास सतरा वर्षांचा. तो हसत म्हणाला, “आई, तुझ्या मुंग्या मागच्या दारानं येतात.”

धाकटा लिनस तोवर झाडावर चढला होता. दहा वर्षांच्या त्या पोरानं दगडानं ठोकून सळई सरकवली होती आणि झाकण मागच्या बाजूनं उचललं होतं. अपोलोनियानं त्याला चांगला बदडला. मग भावाला म्हणाली, “अन्सेल्म, तुझी पेटी म्हणजे पुढून मठ आणि मागून बाजार.”

“एक टाका राहिलाय अक्का. वीज आली की मारतो.”

वीज काही आली नाही. सैन्य आलं. समुद्रापलीकडच्या ज्या मोठ्या मुलुखातून आमच्यावर राज्य चालायचं, तिथून शिपाई बोटी भरभरून आले आणि त्यांनी आमच्या बेटाभोवतीच्या समुद्राला जणू कुंपण घातलं. मीठ बंद, साबण बंद, औषध बंद. अन्सेल्मच्या पायात पत्र्याचा तुकडा घुसला. एरवी दोन गोळ्यांनी बरं झालं असतं. तिथं पाय काळा पडला आणि बाराव्या दिवशी माणूस गेला. त्यानंतर माझ्या सळईचं नाव अपोलोनियानं काढलं नाही. भावाच्या हातची तेवढीच वस्तू उरली होती. तिच्यात खोट आहे म्हणणं म्हणजे मेलेल्या भावाला नावं ठेवणं, असं तिनं मनात धरलं.

गावाचे दोन तुकडे झाले. काही जण बंडखोरांबरोबर वर जंगलात गेले. काही जण खाली किनाऱ्यावर, सैन्याच्या छावणीत. अपोलोनिया वर गेली, मला बांबूला बांधून चार बायकांच्या खांद्यावरून नेलं. तिची मावसबहीण मोनिका खाली गेली, आपल्या एकुलत्या एका मुलाला, सिरिलला घेऊन. दोघी एका आजीच्या मांडीवर वाढलेल्या. निघताना अपोलोनिया तिला म्हणाली, “जा, सैन्याच्या हातचा भात खा. घास घशात अडकला तर मला हाक मारू नकोस.” मोनिकानं पोराचा हात धरला आणि ती निघाली. तिच्या पोराला ताप होता, आणि वर जंगलात औषध नव्हतं.

मित्रांनो, बंदुकीच्या गोळीनं माणसं मरतात हे तुम्ही ऐकलं असेल. आमच्याकडे त्याहून जास्त तापानं मेली. पाचव्या पावसाळ्यात जंगलातल्या झोपड्यांमध्ये रोज एक मूल पुरावं लागत होतं. तेव्हा गेर्वास पलीकडच्या सॉलोमन बेटांवरून हिवतापाच्या गोळ्या आणायला होडीनं गेला. बंदूक नेली नाही. “औषध आणायला जाणाऱ्याला बंदूक कशाला, आई?” म्हणाला. आपला धुतलेला निळा सदरा माझ्यात ठेवला, परत आल्यावर घालायला.

तो आला नाही. खाली किनाऱ्यावर पकडला गेला, छावणीतल्या तिघांनी नेला, एवढं कळलं. तिघं कोण, कुठं नेला, काही नाही. लिनस पंधरा वर्षांचा होता. दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या खांद्यावर बंदूक आली.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला त्याच्या आईच्या जमिनीत जागा द्यावी लागते. नाहीतर तो भटकतो, आणि आईच्या मळ्यातलं काही तिच्या तोंडाला लागत नाही. अपोलोनिया चार वर्षं खात होती, पण चव घेत नव्हती. लढाई कोण जिंकतं याच्याशी तिला देणंघेणं उरलं नव्हतं. तिला गेर्वासची हाडं हवी होती. बस, तेवढंच.

मग माणसं मारून मारून दोन्हीकडचे दमले. करार झाला आणि आकाशातून तांबडं हेलिकॉप्टर उतरलं. त्यातून उतरली माणसं चार देशांची, सगळ्यांच्या अंगात पिवळे सदरे, डोक्याला पिवळ्या टोप्या. एकाच्याही हातात बंदूक नाही. अपोलोनिया तोवर तोरोपाईला परत आली होती. तिनं कमरेवर हात ठेवून त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं.

“बंदुकीशिवाय आलात? मग लढाई थांबवणार कशी? टाळ्या वाजवून?”

पुढं उभा होता तो फिजीचा सार्जंट विलिमोनी. दारातून आडवा होऊन आत यावं लागे, असा माणूस. तो म्हणाला, “लढाई तुम्हीच थांबवायची, आई. आम्ही नुसते बघायला आलोय. कुणी बघत असलं की माणूस जरा नीट वागतो.”

“बघायला आलाय तर रताळी खाऊन बघ आधी,” अपोलोनिया म्हणाली. त्यानं सात खाल्ली. तिथून त्या दोघांचं जमलं.

खोटं कशाला बोलू, पिवळे सदरेवाले चांगले होते. औषधं आणली. चिखलात बसून म्हाताऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या. पोरांशी चेंडू खेळले आणि हरले. कुणी दारू पिऊन कोयता काढला, तर विलिमोनी नुसता मध्ये जाऊन उभा राहायचा आणि घाम पुसत विचारायचा, “काय रे, जेवलास का?” पुष्कळ भांडणं तिथंच विरघळायची. पण ते कागदाची माणसं. शांतता म्हणजे बंदुका पेटीत, अशी त्यांची समजूत. आमच्या माणसांची समजूत वेगळी. शांतता म्हणजे हाडं घरी.

बंदुका ठेवायला दोन कुलपांची पेटी हवी होती. एक किल्ली गावच्या कमांडरकडे, एक पिवळ्या सदऱ्यांकडे. दोन्ही हात जमल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. बोटीनं येणाऱ्या पेट्या दुसऱ्या खोऱ्यांत गेल्या, तोरोपाईला कमी पडली. तेव्हा अपोलोनिया म्हणाली, “माझी आहे की.”

मला बाहेर आणलं. गोऱ्या मेजरनं पुढून पाहिलं, झाकण दाबून पाहिलं. “मजबूत आहे ना?”

“माझ्या भावानं केलीय,” अपोलोनिया म्हणाली. “तिच्यात खोट काढणारा अजून जन्मायचाय.”

लिनस शेजारीच उभा होता. आता तो तेवीस वर्षांचा, गावचा कमांडर. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं. सळईचं नाव कुणीच काढलं नाही. मित्रांनो, मला जीभ असती तर मी तिथंच ओरडले असते की माझी पाठ बघा. पण सगळ्यांचे डोळे पुढच्या कोयंड्यांवर. त्यांनी दोन नवी पितळी कुलपं लावली. आतून गेर्वासचा निळा सदरा काढून अपोलोनियानं आपल्या झोळीत ठेवला, आणि माझ्या पोटात बंदुका आल्या. जुन्या महायुद्धातल्या, खाणीच्या नळांच्या घरी केलेल्या, सैन्याकडून हिसकावलेल्या. लिनसची सगळ्यांत वर. माझं अंग त्या दिवशी तेलाच्या आणि बंदुकीच्या जळक्या दारूच्या वासानं भरलं. साखरेचा वास कायमचा गेला.

“आणि माझी किल्ली?” अपोलोनियानं विचारलं.

मेजर म्हणाला, “आई, कागदावर दोनच कुलपं आहेत.”

“कागद तुमचा. जमीन माझी. तिसरं कुलूप मी.” असं म्हणून ती माझ्यावर बसली.

सगळे हसले. पण आमच्या माणसांचं हसू लगेच थांबलं. कारण आमच्याकडे रीत आहे, जिच्यावर घरची आई बसली त्या वस्तूला ती उठेपर्यंत पुरुषानं हात लावायचा नाही. लावला तर हात वाळतो म्हणतात. वाळतो की नाही मला माहीत नाही, पण लावलेला कुणी मी पाहिला नाही. पिवळ्या सदऱ्यांना वाटलं, म्हातारी हट्टी आहे. ती खरी कशासाठी बसली आहे, हे तिला, मला आणि लिनसला ठाऊक होतं. अंगावर माणूस बसलं की सळई सरकवूनही झाकण उचलत नाही. तोंडानं जे कबूल करायचं नव्हतं, ते ती बूड टेकून निस्तरत होती.

आठ महिने बसली. माझ्यावर बसून झोळ्या विणल्या, सुपारी खाल्ली, येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या दिल्या, माझ्यावरच झोपली. मळ्यात जाताना शेजारणीला बसवून जायची. कुठल्या राणीला मिळालं नसेल असं तख्त मी तिला दिलं, हे मी अभिमानानं सांगते.

आणि एक दिवस खालून निरोप आला. मोनिका स्वतः विलिमोनीबरोबर डोंगर चढून आली. अपोलोनियानं तिला पाणीही विचारलं नाही.

“तिघांतले दोघे लढाईत मेले,” मोनिका म्हणाली. “तिसरा आहे. तो येऊन सांगणार आहे. जागा दाखवणार आहे.”

“कोण?”

मोनिकानं खाली पाहिलं. “येईल तेव्हा बघ. माझ्या तोंडानं नको वदवूस गं.”

त्यावरून अपोलोनियाला कळायचं ते कळलं. ती फक्त म्हणाली, “येऊ दे. पानं हातात घेऊन आला तर त्याला कुणी बोट लावणार नाही. हाडं मिळाली की माझं पोट गार होईल.”

आमच्याकडे त्या दिवसाला ‘पोट गार करायचा दिवस’ म्हणतात. मारणाऱ्यानं शांतीच्या झाडाची पानं घेऊन यायचं, सगळं सांगायचं, मेलेल्याच्या आईनं सुपारी फोडून अर्धी त्याला द्यायची. मग दोघांनी मिळून चालत जायचं. पुरल्याची जागा तोंडानं सांगायची नसते, पायानं दाखवायची असते. तोंडानं सांगितली तर मेलेला माणूस जागा बदलतो म्हणतात.

तो दिवस उजाडला. डुकरं भाजायला घातली होती, बायका अळूचे कंद कुटून नारळाच्या दुधात घालत होत्या. साहेबलोक येणार म्हणून पिवळ्या सदऱ्यांनी पांढऱ्या खुर्च्या आणल्या होत्या. विलिमोनी त्यांतली एक उचलून माझ्याजवळ आला.

“आई, लोखंडावर बसून कंबर मोडली असेल. आज तुमचा मान. ही खुर्ची सगळ्यांच्या पुढं, नीरफणसाच्या झाडाखाली. खास तुमच्यासाठी मागवली.”

बिचाऱ्यानं प्रेमानं आणली होती. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

अपोलोनियानं खुर्चीकडे पाहिलं. तेवढ्यात खालच्या वाटेनं मोनिकाची माणसं दिसू लागली. मोनिका अनवाणी, जुन्या झग्यात, मान खाली. अपोलोनिया माझ्यावरून उठली. मित्रांनो, आठ महिन्यांत पहिल्यांदा दुसरीला न बसवता उठली. मोनिकानं आपल्याला खुर्चीत बसलेलं बघावं, एवढीच हाव. मी तिला दोष देत नाही. माझ्याच जातीची बाई ती. पुढून चकचकीत.

ती जाऊन बसली. मी मागं छपराखाली एकटी.

सिरिल पुढं आला. हातात पानं, अंगात काहीच नाही. बारीक, खोकणारा, माझ्या लिनसपेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो गुडघ्यावर बसला आणि सांगू लागला.

“मावशी, मी केलं. तो होडी ओढत होता. अधिकारी म्हणाला, हा तुझा भाऊ ना? मग तूच मार, नाहीतर दोघांना मारतो. मी मारलं. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, सिरिल, गोळ्या तेवढ्या वर पोचव.” तो थांबला, खोकला. “त्याच्या कमरेला औषधाच्या गोळ्या बांधलेल्या होत्या. छावणीतही ताप होता. त्या आम्ही वाटून खाल्ल्या. मीही खाल्ल्या. म्हणून मी आहे, मावशी.”

अपोलोनियाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात झोळीत गेला होता. तिनं सुपारी काढली आणि दातांनी फोडली. ती त्याला देणार होती. मी पैजेवर सांगते, ती देणार होती.

त्याच वेळी साहेबांचं हेलिकॉप्टर वर घरघरत आलं. सगळ्यांच्या माना वर. लिनस माझ्यामागं येऊन उभा राहिला होता. किल्ली त्याच्या गळ्यात होती, तिला त्यानं हातही लावला नाही. कोयत्याच्या पाठीनं त्यानं माझ्या सळईच्या टोकावर दोन घाव घातले. दहा वर्षांचा असताना शिकलेली विद्या. सळई सरकली. झाकण मागून उचललं. माझ्या पोटातून सगळ्यांत वरची बंदूक गेली, आणि मी, एवढी जाड पत्र्याची, तिला धरू शकले नाही.

एकच गोळी. सिरिल पानांवरच पडला.

हेलिकॉप्टर उतरलंच नाही, वळून गेलं. खालची माणसं उठली, वरची उठली. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात डुकराखालचं जळतं लाकूड. आणि सगळ्यांना एकदम आठवलं की मी मागून उघडी आहे आणि बंदुका आत आहेत. दोन्हीकडची माणसं माझ्याकडे धावली. विलिमोनी आधी पोचला. हात पसरून मध्ये उभा राहिला, पण एका माणसाच्या छातीची रुंदी ती किती? दोन्ही बाजूंनी त्याला ढकलत होते. मला वाटलं, झालं. आता पुन्हा नऊ वर्षं.

तेव्हा गर्दीतून मोनिका आली. मुलाकडे गेली नाही. सरळ माझ्याकडे आली, उचकटलेलं झाकण दोन्ही हातांनी खाली दाबलं आणि माझ्यावर बसली.

“उठ म्हणणारा पुढं या,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “माझं एकुलतं एक तिथं पडलंय. आता माझ्या बुडाखालून बंदुका काढणार? काढा. वरचे असा नाहीतर खालचे. आधी कोण हात लावतो ते मला बघू दे.”

तिच्याच भावकीतला एक जण रडत म्हणाला, “मोनिका, अगं तुझ्याच पोरासाठी...”

“माझ्या पोरासाठी तुला काही करायचं असेल तर माश्या हाकल त्याच्यावरच्या.”

कोयते खाली आले. मग अपोलोनिया खुर्चीतून उठली. खुर्ची कलंडली, तिनं मागं पाहिलं नाही. ती आली आणि मोनिकासमोर उभी राहिली.

“सरक,” म्हणाली.

“तुला खुर्ची आहे ना?” मोनिकानं विचारलं.

“सरक, मोनिका.”

मोनिका सरकली. दोघी माझ्यावर बसल्या, पाठीला पाठ टेकून. एकीचा थरकाप माझ्या पत्र्यातून दुसरीला जात होता. विलिमोनीनं आपली पिवळी टोपी काढून सिरिलच्या तोंडावर ठेवली. लिनस तिथंच बसला होता, बंदूक बाजूला टाकून. त्याला कुणी धरलं नाही.

अपोलोनिया सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. त्या बाईनं जन्मात पहिल्यांदा मान खाली घालून बोललेलं मी ऐकलं. “पेटीत खोट होती. एक टाका राहिला होता. मला ठाऊक होतं, भावाचं नाव जाईल म्हणून बोलले नाही. ह्या फिजीकरानं विचारलं असतं तरी बोलले नसते.”

मग लिनसकडे वळली. ओरडली नाही.

“लिनस, आता मला वाट कोण दाखवणार?”

तेव्हा त्याला कळलं. ती जागा जगात एकाच माणसाच्या पायांना ठाऊक होती, आणि ते पाय त्यानं थांबवले होते. तो जो आवाज करून रडला, तो डुकराचा की माणसाचा हे मला सांगता यायचं नाही.

तीन दिवस त्या दोघी माझ्यावरून उठल्या नाहीत. दोन्हीकडच्या बायका त्यांना भरवत होत्या. सिरिलला त्याच्या आईच्या जमिनीत पुरलं, टोपीसकट. चौथ्या दिवशी पिवळ्या सदऱ्यांनी बोटीनं वेल्डिंगचं यंत्र आणलं आणि माझ्या सळईला टाका मारला. तेरा वर्षं उशिरा. लिनसला तुरुंगात न्यायचं की काय, यावर कागद फिरले. मोनिका म्हणाली, “तुरुंगात बसून तो माझ्या रताळ्यांना काय माती घालणार? त्याला मला द्या. माझा मळा करील, आणि उरलेल्या वेळात भाऊ शोधील.” रीतीप्रमाणे तेच झालं. दोन वर्षांनी बंदुका करवतीनं कापल्या. पिवळे सदरे आपापल्या देशी गेले. जाताना विलिमोनी माझ्यासमोर उभा राहिला आणि माझी पाठ हातानं चाचपली. पुढून नाही, मागून.

नंतर मला कुणी विचारलं नाही. कोंबड्या माझ्यावर बसल्या, पावसानं डाग पाडले. मला वाटलं, आता भंगारात जाणार. पण एक दिवस अपोलोनिया काठी टेकत आली. मला आतून राखेनं घासलं, खोबरेल तेल लावलं, बंदुकीचा वास जाईपर्यंत सात वेळा. मग झोळीतून निळा सदरा काढून घडी करून तळाशी ठेवला. कुलूप लावलं नाही.

मित्रांनो, लोखंडाला तेल द्या, ओलीत ठेवू नका, एवढं तर कोणतीही पेटी सांगेल. मी आणखी एक सांगते. घरातल्या वस्तूची खोट, घरातल्या माणसाची खोट, चारचौघांत सांगायची वेळ आली तर सांगून टाका. नाक कापलं जाईल, जाऊ दे. नाकाशिवाय माणूस जगतो. आणि कुणी शांतता राखायला कुलपं लावू लागलं, तर त्याला हाताला धरून मागच्या बाजूला न्या आणि बिजागरी दाखवा.

लिनसचे केस आता पिकू लागलेत. मोनिकाच्या मळ्यातलं काम झालं की तो कुदळ घेऊन किनाऱ्याकडच्या दलदलीत जातो. संध्याकाळी चिखलानं माखून आमच्या अंगणातून जातो, तेव्हा दोघी म्हाताऱ्या ओसरीवर असतात. मोनिका हल्ली इकडेच राहते. कुदळीशिवाय त्याच्या हातात काही नसतं. तो कुदळ भिंतीला टेकवून ठेवतो. मग अपोलोनिया उठते, माझं झाकण उघडते, आत हात घालून सदरा कोरडा आहे ना ते बघते, आणि झाकण उघडंच ठेवते.